जुन्या चायनीज हॉटेलात पहिल्यांदाच जेवायला जाताय? आधी हे वाचून जावा

बेळगावात नवीन आलेल्यांसाठी लिहितोय. कॉलेजसाठी आलेली पोरं, बदली होऊन आलेले नोकरीवाले, आणि आमच्यासारखी खानापूर, चंदगड, निपाणी बाजूची माणसं, जी कामाला बेळगावात येतात आणि भूक लागली की स्टँडजवळ काहीतरी खाऊन परतीची बस धरतात. ह्या सगळ्यांना मी एकदा तरी जुन्या चायनीज हॉटेलात जेवून बघा म्हणून सांगत असतो आणि त्यातले निम्मे लोक दारातनंच परत येतात.

माझ्या रूमवरचा पुण्याचा मित्र असाच परत आला होता. पावसाळ्याचे दिवस, भिंतीला ओल आलेली, रेक्झिनच्या सीटला जागोजागी चिकटपट्टी, वर पंखा कुरकुरतोय, मेनूकार्डाचं प्लास्टिक सुटलेलं. बाहेर येऊन मला फोन, "अरे इथं कसं जेवायचं?" मला खरंच वाईट वाटलं, कारण त्याच हॉटेलात दहावीच्या निकालादिवशी बाबा मला घेऊन आले होते आणि आमच्या घरातल्या माणसांनी आयुष्यात पहिल्यांदा सूप प्यालं ते तिथंच. दोन महिन्यांनी मी त्याला स्वतः घेऊन गेलो, कुठं बसायचं, काय मागायचं, काय मागायचं नाही सगळं सांगितलं, आता तो रविवार चुकवत नाही. तेव्हा त्याला जे जे सांगितलं तेच इथं नीट लिहून सोडतो.

हॉटेलाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. कॅम्पाच्या बाजूला आहे एवढं पुरे. इथं ज्याला त्याला आपापलं एक जुनं चायनीज असतंय आणि खालचं सगळं त्यातल्या कुठल्याही हॉटेलाला लागू पडतंय, मग ते बेळगावात असू दे नाहीतर निपाणीत.

जाताना सोबत काय घ्यायचं

- रोख पैसे, त्यात दहा-वीसच्या नोटा. फोन पे बहुतेक ठिकाणी चालतंय पण जुन्या इमारतीत आत रेंज जाते आणि काउंटरपाशी सगळे ताटकळतात.
- मोठा रुमाल. टिश्यू मिळतो पण पातळ, मन्चाव सूप पिताना नाकातनं पाणी यायला लागलं की तो पुरत नाही.
- जून ते सप्टेंबर छत्री. बेळगावचा पाऊस थांबेल म्हणून दारात उभं राहून चालत नाही, तो थांबत नसतो.
- झाकण घट्ट बसणारा स्टीलचा डबा, कशाला ते शेवटी सांगतो.
- आणखी तीन माणसं. हे सगळ्यात महत्त्वाचं. एकट्यानं गेलात तर एकच पदार्थ खाऊन याल, आणि ह्या हॉटेलांच्या प्लेटी जुन्या मापाच्या असतात, एक फुल राइस दोघांना सहज होतो.

१. आधी वार बघा, मग वेळ बघा

चिकन खायचं असेल तर बुधवार, शुक्रवार, रविवार. कारण साधं आहे. आपल्याकडं सोमवार, गुरुवार, शनिवार पाळणारी घरं भरपूर, त्यादिवशी चिकनला उठाव कमी, म्हणजे आदल्या दिवशीचं फ्रीजमधलं पुढं यायची शक्यता जास्त. ज्या दिवशी माल भराभर खपतो त्या दिवशी तो ताजा असतो, मटणाच्या दुकानाला जो नियम तोच इथं. श्रावणात तर मी अंडं आणि भाजीवरच राहतो, तेव्हा हॉटेल निम्मं रिकामं असतं, निवांत बसायला मिळतं, आणि व्हेज खाणाऱ्यांनी पहिल्यांदा जायला तोच महिना चांगला.

वेळ म्हणाल तर दुपारी साडेबाराला नाहीतर संध्याकाळी सातला. दुपारी तीनला बरीच जुनी हॉटेलं शटर अर्धं खाली ओढतात, आत कामगार जेवायला बसलेले असतात, त्यावेळी जाऊन "काय तरी करून द्या की" म्हणू नका. रात्री फार उशिरा पण नको. भट्टीवाला दमलेला असतो, राइस संपत आलेला असतो आणि काय उरलंय त्यावर तुमची ऑर्डर ठरते.

काही दिवस सोडूनच द्या. गणपती विसर्जन आणि शिवजयंतीच्या चित्ररथांची रात्र, कारण अख्खं गाव रस्त्यावर असतंय आणि गाडी कुठंच जात नाही. १ नोव्हेंबरला एकीकडं कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक आणि दुसरीकडं सीमाभागातल्या मराठी माणसांची काळ्या दिनाची निषेध फेरी, निम्मे रस्ते बंद, तो पण नको. डिसेंबरात सुवर्णसौधला कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरलं की बाहेरची माणसं आणि पोलीस बंदोबस्त ह्यानं हॉटेलं भरून वाहतात, त्या आठवड्यात जायचंच तर दुपारी लवकर.

२. दारात उभं राहून जुनं काय आणि घाण काय ते ओळखा

नवीन माणूस चुकतो ते इथं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ओल आलेली भिंत म्हणजे घाण नाही. बेळगावात चार महिने पाऊस खाणाऱ्या जुन्या इमारतीची भिंत दुसरी कशी दिसणार? फाटलेलं रेक्झिन, काळपट आरसा, कडा उडालेलं वॉश बेसिन, रंग गेलेले लाल कागदी कंदील, ड्रॅगनचं फिकट चित्र, हे सगळं जुनेपण. मालकानं भाडं, पगार, गॅस सगळं भागवून हॉटेल चालू ठेवलंय, नवीन फर्निचरला पैसे उरले नाहीत एवढाच त्याचा अर्थ. त्याचा जेवणाशी संबंध नाही.

घाण वेगळी असते आणि ती डोळ्यांच्या आधी नाकाला कळते. दारातच खवट तेलाचा वास आला तर मागं फिरा, तेल बरेच दिवस बदललेलं नाही. बसल्यावर पाण्याचा ग्लास उचलून नाकाशी न्या, अंड्याचा ओशट वास येत असेल तर भांडी नीट घासली जात नाहीत. टेबलावर हात ठेवून बघा. जुनं सनमायका खरबरीत लागतं ते ठीक, पण हात चिकटला तर पुसायचं फडकंच घाण आहे. चटणीच्या वाटीच्या काठाला वाळलेला थर, सॉसच्या बाटलीच्या तोंडाशी माशा, बेसिनला साबण नाही, ह्यातलं एक दिसलं तर जपून, दोन दिसली तर उठून या, मीच सांगितलंय म्हणून बसून राहू नका.

भिंतीवर एफएसएसएआयचं, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा खात्याचं लायसन लावलेलं असतं, त्यावर १४ आकडी नंबर असतो, तेवढी नजर टाका.

आणि कान द्या. आतनं ब्लोअरचा घरघर आवाज, कढईवर पळी आपटल्याची खणखण सारखी येत असेल तर तुमच्यासमोर ताजं बनतंय. टेबलं भरलेली आणि आत सगळं शांत असेल तर सकाळचं गरम करून वाढायचं काम चाललंय असं समजा. मी तर नवीन गावात चायनीज हॉटेल ह्या आवाजावरनं निवडतो, अजून फारसं चुकलेलं नाही.

शेवटची खूण म्हणजे बसलेली माणसं. आजोबा, सून, शाळेच्या ड्रेसमधलं पोरगं असं घरच्या घर जिथं जेवतंय तिथं बिनधास्त बसा. वर्षानुवर्षं येणारं गिऱ्हाईक वाईट जेवण सहन करत नाही.

३. कुठं बसायचं

बऱ्याच जुन्या ठिकाणी एका बाजूला बार असतो आणि दुसऱ्या बाजूला फॅमिली रूम. घरच्यांना घेऊन गेला असाल तर आत शिरतानाच "फॅमिली कुठं?" म्हणून विचारा. पडदे लावलेली ती छोटी खोपटी बघून घाबरू नका, पूर्वी बायका-पोरांना निवांत खाता यावं म्हणून केलेली सोय आहे ती.

मित्रमित्र असाल तर भट्टीच्या दाराजवळचं टेबल धरा. गरम होतं, धूर येतो, पण पदार्थ कढईतनं निघून तुमच्यापर्यंत दहा पावलांत येतो. ह्या जेवणात त्या दहा पावलांना किंमत आहे.

वाढणाऱ्याशी बोलायची भाषा, हा प्रश्न नवीन लोकांना फार पडतो. मराठी चालते, हिंदी चालते. कधी पोरगा नेपाळचा असतो, कधी ईशान्येकडचा, कधी इथलाच कन्नड बोलणारा. कन्नडचे दोन शब्द आले तर बोलणं लगेच सुटतं. तिखट कमी पाहिजे तर "खारा कम्मी माड्री", पुरे झालं तर "साक री", किती झालं विचारायला "एष्ट आत री?" वयस्कर वाढप्याला मामा म्हणा. चुटकी वाजवून, नाहीतर "ए" करून बोलावू नका. तीस-तीस वर्षं तेच टेबल पुसणारी माणसं असतात ही, तुमच्या जेवणाचं निम्मं भलंबुरं त्यांच्या हातात असतं.

४. मेनूकार्ड वाचायचं कसं

दीडशे पदार्थ असतात. घाबरायचं काम नाही, कढईत फिरणारं सामान तेच, कांदा, ढबू मिरची, कोबी, गाजर, कांद्याची पात, आलं, लसूण, सोया सॉस, व्हिनेगर आणि कॉर्नफ्लॉवर. फरक मापाचा आणि क्रमाचा. काही नावं समजून घेतली की बाकीचं आपोआप कळतं.

हक्का हे चीनमधल्या एका समाजाचं नाव. कोलकात्यात अठराव्या शतकाच्या शेवटापासून चिनी वस्ती आहे, तिथल्या टांगरा भागात ह्या हक्का लोकांचे कातडी कमावायचे कारखाने होते आणि पुढं तिथंच हॉटेलं निघाली. १९६२ च्या चीन युद्धावेळी चिनी वंशाच्या हजारो माणसांना, पिढ्यान् पिढ्या इथं राहिलेल्यांना, राजस्थानात देवळीच्या छावणीत नेऊन ठेवलं, सुटल्यावर बरेच जण देश सोडून गेले. हक्का नूडल्स मागवताना मला दर वेळी ते आठवतं. आपल्या ताटापर्यंत हा पदार्थ आला तो अशा माणसांच्या हातातनं. साध्या हक्का नूडल्सवरनं स्वयंपाक्याचा हात कळतो, त्यात लपवायला ग्रेव्ही नसते. नूडल सुटी, भाजी कचकचीत, ताटात तेल साठलेलं नाही आणि भट्टीचा हलका धुरकट वास, एवढं असेल तर पुढचं सगळं चांगलं येणार.

मंचुरियन चीनमधलं नाही. कोलकात्यात जन्मलेल्या नेल्सन वांग ह्यांनी १९७५ साली मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात चिकन मंचुरियन केलं असं सांगितलं जातं. आलं, लसूण, हिरवी मिरची हे आपलं वाटण घेतलं, गरम मसाल्याऐवजी सोया सॉस घातला आणि कॉर्नफ्लॉवर लावून दाट केलं. पुढं त्यात चिकनऐवजी फ्लॉवर आला आणि कर्नाटकानं गोबी मंचुरियन असं आपलं करून टाकलं की आता जत्रा त्याशिवाय होत नाही.

शेजवान म्हणजे सिचुआन, चीनमधला प्रांत. तिथल्या खऱ्या स्वयंपाकात जीभ बधिर करणारी एक मिरी असते. आपल्याकडं कोकण-गोव्याच्या बांगड्याच्या आमटीत तिरफळ घालतात ना, ती मिरी त्याच तिरफळाच्या जातकुळीतली. पण हॉटेलातल्या शेजवानमध्ये ती नसते, तिथं सुकी लाल मिरची, लसूण आणि तेल. तेव्हा शेजवान लिहिलेलं म्हणजे तिखट एवढंच धरा.

अमेरिकन चॉप्सी नावाप्रमाणंच अमेरिकेत गेलेल्या चिनी लोकांच्या स्वयंपाकातनं आलेली. आपल्याकडं खाली तळलेल्या नूडल्स, वर लाल आंबटगोड ग्रेव्ही आणि त्यावर तळलेलं अंडं. लहान पोरं सोबत असतील तर हीच मागवा. माझ्या बहिणीनं पहिल्यांदा खाल्ली तेव्हा घरी येऊन आठवडाभर आईला शेवयांवर सॉस घालून दे म्हणून सतावलं होतं.

सिंगापूर, हाँगकाँग, बँकॉक अशी गावांची नावं असलेल्या डिशा पहिल्या दिवशी सोडा. त्या हॉटेलागणिक बदलतात, काय येईल सांगता येत नाही.

५. ऑर्डर कशी द्यायची

दहावीच्या निकालादिवशी बाबांनी नावं चांगली वाटली म्हणून तीन ग्रेव्ही सांगितल्या होत्या आणि राइस एकही नाही. पाच मिनिटांनी वाढणारे मामा परत आले, म्हणाले, "साहेब, ह्यातल्या दोन कॅन्सल करतो, एक फ्राइड राइस घ्या, पोरं भरपेट जेवतील." त्यांना काय गरज होती? बिल जास्त झालं असतं तर हॉटेलाचाच फायदा होता. त्या दिवसापासनं आमचं घर त्या हॉटेलाशी बांधलं गेलं ते आजपर्यंत.

चौघांसाठी माझं ठरलेलं गणित असं:

सूप दोन, वन बाय टू करून. कर्नाटकात वन बाय टू म्हटलं की कुणी तोंड वाकडं करत नाही, दोन वाट्यांत नीट वाटून आणतात. एक मन्चाव तिखट खाणाऱ्यांसाठी, एक स्वीट कॉर्न बाकीच्यांसाठी. मन्चावबरोबर तळलेल्या नूडल्स वेगळ्या येतात, त्या सगळ्या एकदम ओतू नका, घासाघासाला थोड्या टाका, नाहीतर मऊ पडून पेज होते.

मग एक ड्राय. चिकन चिली ड्राय किंवा गोबी ड्राय. हे गरम असतानाच संपवायचं, फोटो काढत बसलात की कॉर्नफ्लॉवरचं कवच मऊ पडलंच.

ड्राय संपत आलं की मगच एक राइस, एक नूडल्स, एक ग्रेव्ही सांगा. सगळं एकदम सांगू नका, हा माझा सगळ्यात कळकळीचा सल्ला. भट्टी एकच, स्वयंपाकी एक नाहीतर दोन, तुम्ही पाच पदार्थ एकदम सांगितले तर पहिला केलेला पाचवा होईपर्यंत खिडकीत गार होत बसतो. आणि ग्रेव्ही गार झाली की तिची खळ होते, मग ती कितीही चांगली केलेली असू दे.

राइस साधा एग फ्राइड घ्या. चांगल्या ठिकाणी भात आधी शिजवून पूर्ण गार करून ठेवलेला असतो, गरम भात कढईत टाकला की गोळे होतात, म्हणून दाणा न् दाणा सुटा आला की समजायचं तयारी नीट आहे. भाताला आंबूस वास आला तर मात्र खाऊ नका, परत द्या, त्यात लाजायचं काही नाही.

६. शाकाहारी असाल तर हे विचाराच

व्हेज सूप म्हणजे भाजी व्हेज, पण त्यातलं पाणी? काही ठिकाणी सगळ्या सूपना चिकन उकडलेलं एकच पाणी वापरतात. मामांना सरळ विचारा, "सूपचं पाणी वेगळं आहे काय?" नूडल्समध्ये अंडं असतं काय तेही विचारा, आणि तळायचं तेल एकच आहे काय. माझी मावशी माळकरी आहे, तिला मी एकदा न विचारता सूप दिलं आणि नंतर कळलं की पाणी चिकनचं होतं. तिनं मला एका शब्दानं बोललं नाही पण मला ते आजही लागून राहिलंय. कडक पाळणारं माणूस सोबत असेल तर सरळ शुद्ध शाकाहारी ठिकाणी जावा.

७. रंग आणि अजिनोमोटो

मार्च २०२४ मध्ये कर्नाटक सरकारनं गोबी मंचुरियन आणि बुढ्ढी के बाल ह्यात कृत्रिम रंग घालायला बंदी केली. गोबीचे १७१ नमुने तपासले होते, त्यात शंभरावर नमुन्यांत असुरक्षित रंग सापडले. रोडामाइन-बी नावाचा रंग तर कापडाला वापरायचा, खायचा नाहीच. तेव्हा गोबी भडक लाल, गुलाबीकडं झुकणारी दिसली की ती खाऊ नका, हॉटेल कितीही आवडतं असलं तरी.

एक सोपी परीक्षा आहे. तुकडा चमच्यावर घेऊन पेल्यातल्या साध्या पाण्यात बुडवा. मिरचीचा रंग तेलात उतरतो, पाण्यात फारसा नाही, त्यामुळं वर लालसर तेलाचे थेंब तरंगतात आणि खालचं पाणी तसंच राहतं. पाणीच लगेच गुलाबी-लाल झालं तर वरनं रंग घातलाय असं धरा. आपल्याकडं ब्याडगी मिरची मिळत असताना रंगाची डबी लागावीच कशाला? ब्याडगी भिजवून वाटली की रंग तिचाच येतो, आणि तिखटाला संकेश्वरी आहेच. आमच्या त्या हॉटेलात बंदीनंतर गोबी तपकिरी यायला लागली, काही गिऱ्हाइकांनी "पहिल्यासारखी नाही" म्हणून कुरकुर केली. मला तीच आवडते.

अजिनोमोटोचं म्हणाल तर तो पदार्थ १९०८ साली जपानात किकुनाए इकेदा नावाच्या शास्त्रज्ञांनी समुद्री शेवाळाच्या रश्शातनं वेगळा काढला, नाव कंपनीचं आहे. जे चव वाढवणारं द्रव्य त्यात असतं ते टोमॅटोत पण असतं. मापात घातलं तर भ्यायचं कारण नाही, माझा आक्षेप आहे तो मूठभर घालून बेचव मालाला चव आणणाऱ्यांवर. नको असेल तर ऑर्डर देतानाच सांगा आणि ड्राय किंवा राइस घ्या, ते तुमच्यासमोर नव्यानं होतात. ग्रेव्हीचं रस्सापाणी आधीच तयार असतं, त्यातनं ते काढता येत नाही. मीठ मात्र ह्या जेवणात जास्तच असतं, सोया सॉसचं धरून. बीपीवाल्या माणसांनी सूप अर्धंच घ्यावं.

८. टेबलावरच्या बाटल्या

तीन असतात. सोया, चिली सॉस आणि व्हिनेगरमध्ये चिरलेल्या हिरव्या मिरच्या. आधी पदार्थ तसाच चाखा, मग थेंब थेंब घाला. सोया म्हणजे मीठ, हे विसरून नवीन माणूस भरभरून ओततो आणि मग खारट झालं म्हणून हॉटेलाला बोल लावतो. व्हिनेगरमधली मिरची एग फ्राइड राइसवर चमचाभर घालून बघा, मला तर राइसपेक्षा तीच जास्त आवडते.

९. बिल

जुन्या मेनूकार्डावर रेट पेनानं खोडून नवे लिहिलेले असतात, कधी कधी तेही जुने. ऑर्डर देतानाच "रेट हाच हाय न्हवं?" विचारून घ्या, म्हणजे काउंटरवर वाद नको. बिल कागदाच्या चिठ्ठीवर हातानं येतं, एकदा बेरीज बघा. मामांसाठी काहीतरी ठेवा. ते बडीशेपेच्या वाटीत ठेवायचं, हातात द्यायची घाई करू नका.

१०. पार्सल न्यायचं असेल तर

घरी कुणीतरी वाट बघत असतंच. आमच्याकडं आई असते, तिला गुडघ्यामुळं आता बेळगावपर्यंत यायला जमत नाही.

चॉप्सी आणि गोबी ड्राय पार्सल नेऊ नका, खानापूरपर्यंत पंचवीसेक किलोमीटर आहे, तेवढ्यात दोन्ही लिबलिबीत होतात. राइस चांगला टिकतो, घरी जाऊन लोखंडी तव्यावर मोठ्या आचेवर परतला की हॉटेलसारखाच. नूडल्स पण ठीक. सूप प्लास्टिकच्या पिशवीत गरम गरम घेऊ नका, पिशवी फुटते आणि बसमध्ये बाजूच्याच्या कपड्यावर सांडतं, शिवाय गरम सूप प्लास्टिकमध्ये बरंही नाही. त्यासाठी तो स्टीलचा डबा. ऑर्डर देतानाच डबा मामांकडं द्या आणि सांगा, सूप जरा घट्ट ठेवा, काठोकाठ भरू नका, आणि मन्चाव असेल तर तळलेल्या नूडल्स वेगळ्या कागदात बांधा. बसमध्ये डबा मांडीवर धरा, पिशवीत आडवा पडू देऊ नका. घरी पोचल्यावर थोडं उकळतं पाणी घालून एक कढ आणायचा, त्याच्या पुढं जास्त उकळवायचं नाही, नाहीतर कॉर्नफ्लॉवर सुटून सूप पातळ होतं. तळलेल्या नूडल्स आईच्या वाटीत वाढताना टाकायच्या.